ओस्कार फिशिंगर : जीवन आणि रेखासाधना

कथा, पात्रे आणि शब्द यांचा आधार न घेता केवळ रेषा, आकार व रंग यांच्या गतीतून आशय उभा करण्याचा प्रयत्न ज्या मोजक्या चित्रपटकारांनी आयुष्यभर केला, त्यांत जर्मन कलावंत ओस्कार फिशिंगर याचे स्थान अग्रभागी आहे. त्याच्या कार्याचे दोन प्रवाह दिसतात : निर्मितीसंस्थांनी सोपविलेली कामे, आणि स्वतःसाठी कागदावर वा काचेवर केलेली रेखाटने. हे प्रवाह कधी परस्परांना पोसत राहिले, तर कधी एकाने दुसऱ्याची वाट अडविली. या ताणातच त्याच्या जीवनाचे मर्म आहे.

फिशिंगरचा जन्म २२ जून १९०० रोजी जर्मनीतील गेल्नहाउझेन या गावी झाला. शालेय शिक्षणानंतर तो ऑर्गन बांधणाऱ्या कारागिरांकडे उमेदवारी करू लागला. पुढे वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीत नकाशे काढण्याचे काम केले आणि फ्रँकफुर्ट येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. नाद, मोजमाप आणि यंत्र या तिन्हींशी जडलेले हे नाते अखेरपर्यंत टिकले. मात्र त्याच्या कलाजीवनाचा आरंभ साहित्याच्या अंगणात झाला, ही गोष्ट साहित्याभ्यासकांना विशेष वाटावी. फ्रँकफुर्टमधील एका साहित्यमंडळात नाटकांचे विवेचन करताना त्याने शेक्सपिअरचे 'ट्वेल्फ्थ नाइट' आणि फ्रिट्झ फॉन उनरू याचे एक नाटक यांतील भावनांचा चढउतार दाखविणारे रेखापट तयार केले. पात्रे आणि प्रसंग बाजूला सारून नाटकाची केवळ आंतरिक गती रेषेत पकडण्याचा तो यत्न होता. समीक्षक बेर्नहार्ट डीबोल्ट याने त्याला चित्रपटाकडे वळण्याची प्रेरणा दिली. १९२१ साली वाल्टर रुटमान याचा 'ओपुस १' हा अमूर्त पट पाहिल्यावर त्याची दिशा निश्चित झाली.

१९२२ साली तो म्यूनिकला गेला. मेणाच्या ठोकळ्यात निरनिराळ्या रंगांचे थर रचून त्याचे पातळ काप काढीत जायचे आणि प्रत्येक कापानंतर उघडा पडणारा नवा छेद कॅमेऱ्याने टिपायचा, असे यंत्र त्याने बनविले. रुटमानने त्याच्या वापराचा परवाना घेतला. मात्र व्यवसायात फिशिंगरला यश आले नाही. कर्जबाजारी अवस्थेत १९२७ च्या उन्हाळ्यात तो म्यूनिकहून बर्लिनला चक्क पायी निघाला. वाटेत भेटलेली माणसे, शेते, आभाळ यांच्या एकेक चौकटी तो टिपत गेला, आणि काही आठवड्यांचा हा प्रवास अवघ्या काही मिनिटांच्या पटात सामावला.

बर्लिनमध्ये फ्रिट्झ लांग याच्या 'फ्राउ इम मोंड' (१९२९) या चंद्रप्रवासावरील चित्रपटासाठी तो अवकाशयान व तारामंडल यांची आभासदृश्ये करीत होता. तेथे त्याचा घोटा मोडला आणि त्याला रुग्णालयात राहावे लागले. या सक्तीच्या विश्रांतीत त्याने कोळशाच्या कांडीने कागदावर आकृत्या काढण्यास आरंभ केला. त्यांतून 'अभ्यास' या नावाने क्रमांकित केलेली पटमालिका जन्मास आली. पांढऱ्या कागदावरील काळी रेषा छायाचित्रणात उलटवून काळोखावर उजेडाची रेषा दाखविण्यात आली. एका सेकंदाला चोवीस चौकटी लागत असल्याने दर चौकटीस एक चित्र धरले, तर तीन मिनिटांच्या पटास चार हजारांहून अधिक रेखाटने लागतात. 'अभ्यास क्र. ७' मध्ये ब्राम्सच्या हंगेरियन नृत्यसंगीताच्या लयीत वळणाऱ्या रेषा पाहताना या कष्टाची चाहूलही लागत नाही. १९३२ साली त्याने कागदावर नक्षी काढून तिचे छायाचित्र थेट फिल्मच्या ध्वनिपट्टीवर उतरविले. चित्रालाच बोलते करण्याचा तो प्रयोग होता.

बेला गाश्पार याच्या 'गाश्पारकलर' या नव्या पद्धतीमुळे त्याला रंगाचे माध्यम लाभले. परंतु याच सुमारास जर्मनीत नाझी सत्ता आली आणि अमूर्त कला 'अवनत' ठरविली गेली. अशा वेळी त्याच्या कलेला आश्रय मिळाला तो जाहिरातीचा. 'क्राइझे' (वर्तुळे) हा पट एका जाहिरातसंस्थेसाठी झाला, तर १९३४ मध्ये सिगारेटच्या जाहिरातीत त्याने सिगारेटींचेच संचलन घडविले. जो आकार कला म्हणून निषिद्ध होता, तो मालाची भलावण करताना खपून जात होता. पुढच्याच वर्षी 'कोंपोझिटिओन इन ब्लाउ' हा रंगपट त्याने स्वतःसाठी केला. त्याची कीर्ती सीमेपार गेली आणि पॅरामाउंट या अमेरिकन संस्थेचे निमंत्रण आले.

फेब्रुवारी १९३६ मध्ये तो हॉलिवुडला पोहोचला. येथे सरकारी बंदी नव्हती; अडसर होता तो निर्मितीपद्धतीचा. पॅरामाउंटसाठी त्याने रंगीत रचना केली. संस्थेला ती कृष्णधवल हवी होती, शिवाय तीत वास्तव दृश्ये मिसळावयाची होती. त्याने नोकरी सोडली. ती रचना परत मिळवून 'अलेग्रेटो' या नावाने पूर्ण करण्यास त्याला कित्येक वर्षे लागली. मेट्रो-गोल्डविन-मेयरसाठी त्याने 'ॲन ऑप्टिकल पोएम' (१९३८) हा पट लिस्टच्या संगीतावर केला. तारांना टांगलेले कागदी आकार चौकटीगणिक किंचित हलवून तो घडविलेला होता. त्या काळी तरुण असलेला संगीतकार जॉन केज काही दिवस त्याचा साहाय्यक होता. प्रत्येक वस्तूत तिचा स्वतःचा नाद वसतो, ही फिशिंगरची धारणा केजच्या पुढील तालवाद्यरचनांना प्रेरक ठरली.

नोव्हेंबर १९३८ ते ऑक्टोबर १९३९ या काळात तो वॉल्ट डिस्नेच्या संस्थेत होता. 'फँटेसिया'मधील बाखच्या 'टोकाटा आणि फ्यूग' या रचनेसाठी त्याने रेखाटने केली. परंतु तेथील पद्धतीत एकाची रेषा अनेकांच्या हातांतून जाई. त्याच्या आकृत्या सोप्या करण्यात आल्या. पडद्यावर व्हायोलिनचे गज आणि ढग यांसारख्या ओळखीच्या वस्तू आल्या. चित्रपट पूर्ण होण्यापूर्वीच तो बाहेर पडला, आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव आले नाही. संगीताला दृश्य अर्थ हवाच, ही संस्थेची भूमिका होती. दृश्याला संगीताप्रमाणेच स्वयंपूर्ण राहता यावे, ही त्याची. हा केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हता. बर्लिनमध्ये एका कोळशाच्या कांडीने जे साधले होते, ते शेकडो हातांच्या संस्थेत साधत नव्हते.

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम प्रतिष्ठानाच्या हिला रीबाय हिने त्याला अनुदाने मिळवून दिली. १९४२ च्या 'रेडिओ डायनॅमिक्स'मध्ये त्याने संगीतही वर्ज्य केले. रंगांची लय निःशब्दतेतच उमटावी असा त्याचा आग्रह होता. १९४७ साली 'मोशन पेंटिंग क्र. १' पूर्ण झाला. पारदर्शक प्लेक्सिग्लासवर तैलरंगाचा फटकारा द्यायचा, लगेच एक चौकट टिपायची, असे करीत संपूर्ण चित्र वाढताना, झाकले जाताना आणि पुन्हा नव्याने उगवताना त्यात दिसते. रेखाटन आणि चित्रपट यांतील अंतर येथे नाहीसे झाले. रीबायला मात्र हा पट रुचला नाही व अनुदान थांबले. १९४९ साली बेल्जियममधील प्रायोगिक चित्रपटांच्या स्पर्धेत त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तरी पुढील मोठ्या पटासाठी पैसा उभा राहिला नाही.

उरलेल्या वर्षांत फिशिंगर मुख्यतः चित्रे रंगवीत राहिला. 'ल्युमिग्राफ' हे प्रकाशवाद्यही त्याने तयार केले आणि १९५५ साली त्याचे पेटंट घेतले. लवचीक पडदा हाताने दाबला की त्याचा उंचावलेला भाग रंगीत प्रकाशाच्या पातळ झोतात येई आणि अंधारात आकार उमटे. हात मागे घेतला की तो विरून जाई. येथे ना फिल्म होती, ना निर्मितीसंस्था. ३१ जानेवारी १९६७ रोजी लॉस अँजेलिस येथे त्याचे निधन झाले. पत्नी एल्फ्रीड हिने त्याचे पट, कागद व चित्रे निष्ठेने जतन केली आणि ल्युमिग्राफचे प्रयोगही पुढे चालू ठेवले. १९९७ साली 'मोशन पेंटिंग क्र. १' अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटनोंदीत समाविष्ट झाला. 'फँटेसिया'च्या श्रेयनामावलीत ज्याला जागा मिळाली नव्हती, त्याची काचेवर एकट्याने केलेली ही कृती अशा रीतीने त्या देशाच्या जपणुकीच्या ठेव्यात दाखल झाली.