शाळेत एम.ए. होण्याची जिद्द धरली, पण एम.ए. झाल्यावर आगरकरांनी मोठ्या पगाराचा रस्ताच सोडला

दहावीला विचारलं तर इंजिनिअर. बारावीला विचारलं तर अजून तेच, पण आवाज जरा बारीक. एफवायला विचारलं तर एमपीएससी, आणि टीवायला विचारलं तर, बघू.

आपल्यातल्या बऱ्याच जणांचा हा प्रवास असाच झालेला असतोय. शाळेत एक ठरवलेलं असतं, कॉलेजात गेल्यावर दुसरंच डोक्यात बसतं. मग सगळ्यात अवघड काम समोर येतं, ते म्हणजे घरी सांगणं. कारण घरच्यांनी पैसे पहिल्या स्वप्नासाठी लावलेले असतात.

आज अशाच एका पोराची गोष्ट सांगायची आहे. आडनाव आगरकर. इंटरनेटवर हे आडनाव टाकलं की आधी क्रिकेटवाला अजित आगरकर येतो. पुण्यात आगरकर रोडवर आघारकर संशोधन संस्था आहे, पण त्या संस्थेला नाव आहे ते वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकर यांचं. आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ते गोपाळ गणेश आगरकर. शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत येतात आणि जातात. थोर समाजसुधारक, केसरीचे पहिले संपादक, टिळकांचे मित्र आणि नंतरचे विरोधक. संपला विषय.

पण समाजसुधारक व्हायचं हे काय त्यांनी लहानपणी ठरवलं नव्हतं. त्यांचं पहिलं स्वप्न एकदम साधं होतं. शिकायला मिळावं, बस्स.

तर सुरवात होते साताऱ्यातून. कऱ्हाडजवळ टेंभू नावाचं गाव आहे. आज टेंभू म्हटलं की उपसा सिंचन योजना आठवते, पण त्याच गावात १४ जुलै १८५६ ला आगरकरांचा जन्म झाला. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठ सुरू झालं. म्हणजे हा पोरगा आणि आपल्याकडचं कॉलेजचं शिक्षण जवळपास एका वयाचे.

घरची परिस्थिती बेताची नाही, त्याच्याही खालची होती. त्यामुळे गोपाळला शिकायला कऱ्हाडला मामाकडं ठेवण्यात आलं. पोरगं हुशार होतं, पण कऱ्हाडात इंग्रजी शिकायची सोय तुटपुंजी. तिथलं शिक्षण संपल्यावर पुढं काय, या प्रश्नाचं घरात कुणाकडंच उत्तर नव्हतं.

मग पोरानं मिळेल ते केलं. काही दिवस कऱ्हाडच्या कचेरीत कारकुनी केली. पुढं शिकायचं म्हणून घाट उतरून रत्नागिरी गाठली, पण तिथं नीट आसरा मिळाला नाही, परत यावं लागलं. मग कऱ्हाडच्या दवाखान्यात कंपाउंडरचं काम धरलं.

आता इथं जरा थांबून विचार करा. त्या काळात कचेरीत चिकटलेला पोरगा म्हणजे घर सुटलं असं समजायचे. चार वर्षं खर्डेघाशी केली की कायम होणार, मग लग्न, मग बढती. गोपाळनं तिथंच समाधान मानलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. उलट कौतुकच झालं असतं.

पण त्याला शिकायचं होतं. कशासाठी ते बहुतेक त्यालाही अजून नीट सांगता आलं नसतं.

पुढची संधी आली ती थेट वऱ्हाडातून. नात्यातली माणसं अकोल्यात होती, त्यांच्या आधारानं गोपाळ कृष्णाकाठ सोडून अकोल्याच्या हायस्कूलमध्ये दाखल झाला. इथं त्याच्या आयुष्यात आले विष्णु मोरेश्वर महाजनी. अकोल्याचे हेडमास्तर, स्वतः एम.ए. झालेले, साहित्यातले जाणकार. खेड्यातून आलेल्या पोरानं एम.ए. झालेला माणूस इतक्या जवळून रोज बघणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

या दोघांचा एक किस्सा सांगितला जातो. कुठल्याशा कारणावरून महाजनी गोपाळवर चिडले आणि तुझ्या हातून काही व्हायचं नाही, अशा अर्थाचं बोलले. पोरगं गप्प बसलं नाही. तुमच्यासारखा एम.ए. होऊन दाखवीन, नाहीतर आगरकर नाव लावणार नाही, असं त्यानं तोंडावर सुनावलं.

वर्गात मास्तरांना असं बोलणारी पोरं आजही असतात, आणि बहुतेकांची हवा निकालादिवशी निघते. पण इथं पहिल्यांदा गोपाळच्या शिकण्याला एक नाव मिळालं. एम.ए. नोकरी कुठली, पगार किती, हे नंतरचं. आधी मास्तरांच्या बरोबरीला जाऊन उभं राहायचं.

१८७५ साली तो मॅट्रिक झाला. त्या काळात मॅट्रिक म्हणजे कॉलेजात जाण्यासाठीची विद्यापीठाची परीक्षा. ती पास झाली तरी पुण्याला जाऊन राहायचा खर्च होताच. तेव्हा मदतीला उभे राहिले ते महाजनीच. ज्या मास्तरांना पोरानं आव्हान दिलं होतं, त्याच मास्तरांनी त्याच्या पुढच्या शिक्षणाला हातभार लावला.

आणि टेंभूचा गोपाळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला.

येरवड्याजवळचं हे कॉलेज म्हणजे तेव्हा पुण्यातली उच्च शिक्षणाची सगळ्यात मोठी जागा. आजूबाजूला चांगल्या घरातली पोरं, आणि आपल्या गड्याकडं शर्ट एकच. तोच रात्री धुवायचा, वाळत टाकायचा आणि सकाळी घालून वर्गात जायचं. पैशासाठी वर्तमानपत्रात लेख लिहायचे, वक्तृत्व आणि निबंधाच्या स्पर्धेत उतरायचं, बक्षीस मिळालं तर महिना निघायचा. परीक्षेच्या फीसाठी पैसे नव्हते तेव्हा या माणसानं नाटक लिहून विकायचा घाट घातला होता. ही गोष्ट प्राध्यापक केरूनाना छत्रे यांच्या कानावर गेली. गणित आणि खगोलशास्त्रातला हा मोठा माणूस, टिळकांचेही गुरू. नाटकात वेळ घालवण्यापेक्षा अभ्यास कर, म्हणून त्यांनी पैशाची सोय करून दिली असं सांगतात.

इथपर्यंतची गोष्ट गरीब पण जिद्दी मुलाची आहे. अशा गोष्टी आपण रोज रील्समध्ये बघतो. शेवटी लाल दिव्याची गाडी येते आणि पाठीमागं गाणं वाजतं. आगरकरांच्या गोष्टीत ती गाडी येत नाही.

कारण कॉलेजात त्यांचं डोकं फिरलं. चांगल्या अर्थानं.

इतिहास आणि तत्त्वज्ञान हे त्यांचे विषय. जॉन स्टुअर्ट मिल, हर्बर्ट स्पेन्सर असे विचारवंत त्यांनी वाचले. मिल व्यक्तिस्वातंत्र्याबद्दल लिहीत होता, बायकांना पुरुषांच्या बरोबरीचे हक्क का हवेत हे मांडत होता. सगळं जसं चालत आलंय तसंच का चालावं, हा प्रश्न आगरकरांच्या डोक्यात शिरला तो इथून. त्यात काळ कसला, तर याच वर्षांत, १८७६ ते १८७८ दरम्यान, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. १८७७ च्या सुमारास त्यांचं लग्न झालं. पत्नी यशोदाबाई. म्हणजे आता जबाबदारी एकट्याची राहिली नव्हती.

१८७८ साली ते बी.ए. झाले. एम.ए.चा अभ्यास सुरू झाला. आणि याच काळात कॉलेजात कायद्याचा अभ्यास करणाऱ्या एका पोराशी त्यांची गट्टी जमली. त्याचं नाव बाळ गंगाधर टिळक.

एक रत्नागिरीचा, एक कऱ्हाडचा. दोघंही १८५६ चेच. एकाचं डोकं गणितात, दुसऱ्याचं तत्त्वज्ञानात. कॉलेजच्या परिसरात रात्र रात्र यांच्या गप्पा चालायच्या, आणि वादही. विषय एकच, देशाची ही अवस्था का झाली आणि आपण शिकलेल्या पोरांनी करायचं काय?

उत्तर सापडलं ते शिक्षणात. सरकारी नोकरी करायची नाही, स्वतःची शाळा काढायची, लोकांना परवडेल असं शिक्षण द्यायचं. तेवढ्यात त्यांना बातमी कळली की विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतली नोकरी सोडून पुण्यात शाळा काढतायत. दोघं त्यांना जाऊन भेटले. जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. टिळक पहिल्यापासून होते. आगरकरांचं एम.ए. बाकी होतं, त्यामुळे ते नंतर रुजू झाले.

आता या निर्णयाची किंमत समजून घ्या. तेव्हा एम.ए. झालेली माणसं हातावर मोजण्यासारखी. सरकारला शिकलेले देशी अधिकारी हवे होते. शिक्षण खातं, न्याय खातं, महसूल, किंवा एखादं संस्थान, कुठंही दार उघडलं असतं. आणि ही नोकरी त्यांना नको म्हणायची होती ते श्रीमंत घरातून आले म्हणून नाही. घरी अजून दारिद्र्यच होतं, आणि ते एका नोकरीनं संपणार होतं.

हे घरी सांगायचं कसं?

आगरकरांनी आईला पत्र लिहिलं. हे पत्र पुढं प्रसिद्ध झालं. त्याचा मतलब असा होता. आपला मुलगा मोठमोठ्या परीक्षा देतोय, आता त्याला मोठा पगार मिळेल आणि आपले पांग फिटतील, असे मनोरे तू रचत असशील. पण मी आत्ताच सांगून ठेवतो, जास्त संपत्तीची, जास्त सुखाची आशा मी धरणार नाही. पोटापुरतं मिळवीन, आणि उरलेला सगळा वेळ लोकांच्या हितासाठी घालवीन.

आपण हे पत्र नेहमी मुलाच्या बाजूनं वाचतो आणि टाळ्या वाजवतो. एकदा आईच्या बाजूनं वाचून बघा. पोराला लहानपणी मामाकडं सोडलं, तो कारकुनी करत, औषधं बांधत, गावोगाव आसरा शोधत वाढला. आता शेवटी दिवस बदलणार असं वाटलं, तेव्हा हे पत्र आलं. त्यागात तिचाही वाटा होता, फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

पण एक गोष्ट आगरकरांच्या बाजूनं मांडली पाहिजे. त्यांनी लपवलं नाही. आज करतो, उद्या करतो, नोकरी बघतोय, असं म्हणत आईला आशेवर ठेवलं नाही. नोकरीला लागायच्या आधीच काय मिळणार आणि काय मिळणार नाही, हे लिहून कळवलं.

१८८० साली ते एम.ए. झाले. अकोल्यात दिलेला शब्द पुरा झाला. आणि १८८१ पासून हा एम.ए. झालेला माणूस न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पोरांना शिकवायला लागला. त्याच जानेवारीत केसरी सुरू झाला आणि संपादकपद आलं आगरकरांकडं.

पुढचं सगळं वेगात घडलं. कोल्हापूर संस्थानच्या दिवाणांविरुद्ध लिहिल्यामुळे १८८२ साली टिळक आणि आगरकर दोघांना तुरुंगवास झाला. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्यावर आगरकरांनी पुस्तक लिहिलं, शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं विकारविलसित नावानं मराठी भाषांतर केलं. १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. सोसायटीच्या आजीव सदस्यांचा पगार ठरला होता महिना ७५ रुपये.

पण कॉलेजात बदललेलं डोकं तिथं थांबणारं नव्हतं. लोकांना शिकवलं की झालं, हे आगरकरांना पुरेसं वाटेना. बालविवाह, विधवांचं केशवपन, जातिभेद, यावर बोलल्याशिवाय शिक्षणाला अर्थ काय? टिळकांचं म्हणणं वेगळं होतं, आधी राजकीय प्रश्न, सुधारणा लोकांच्या कलानं. डेक्कन कॉलेजात रात्र रात्र बोलत बसणारे दोन मित्र आता जाहीरपणे भांडू लागले.

१८८७ ला आगरकरांनी केसरी सोडला. १८८८ ला स्वतःचा सुधारक काढला. त्याच्या इंग्रजी बाजूला गोपाळ कृष्ण गोखले होते. पुणं इतकं चिडलं की आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली, ती त्यांच्या घरावरून नेली. त्यांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आणि लिहिणं चालूच ठेवलं.

१८९२ ला ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. पण दम्यानं शरीर पोखरलं होतं. १७ जून १८९५ ला ते गेले. वय होतं ३८. चाळिशीही बघितली नाही. असं सांगतात की त्यांच्या उशाशी एक पुडी सापडली, त्यात स्वतःच्या अंत्यविधीसाठी ठेवलेले पैसे होते. आपल्या मरणाचा खर्च दुसऱ्या कुणावर पडू नये म्हणून.

म्हणजे पोटापुरतं मिळवीन हे आईला लिहिलेलं वाक्य त्यांनी शब्दशः पाळलं. त्याची झळ यशोदाबाईंना आणि लेकरांनाही लागली, हेही तितकंच खरं.

आपल्याकडं स्वप्न बदललं की माणूस भरकटला असं म्हणतात. आगरकरांचं स्वप्न तर दर टप्प्यावर बदललं. कऱ्हाडात शिकायला मिळावं एवढंच होतं, अकोल्यात मास्तरांसारखं एम.ए. व्हायचं होतं, डेक्कन कॉलेजात शाळा काढायची होती, आणि पुढं अख्खा समाज बदलायचा होता. पण नवं स्वप्न आलं म्हणून त्यांनी जुनं अर्धवट टाकलं नाही. शाळा सुरू झाली तरी एम.ए. पुरं केलं. आणि बदल झाला तो घरी स्पष्ट कळवला.

तुमचंही कॉलेजात गेल्यावर काही बदललं असेल, तर डिग्री पुरी करायची की सोडायची हे तुमचं तुम्ही ठरवा. पण तेवढं घरी सांगायचं मात्र राहू देऊ नका. आगरकरांकडं फोन नव्हता, तरी त्यांनी कळवलं होतं.