अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो

शाळेच्या वार्षिकांत चरित्र द्यावयाचें म्हणजे तें एखाद्या संताचें, सेनापतीचें किंवा मिशनऱ्याचें असावें, अशी वाचकांची साहजिक अपेक्षा असते. या वेळीं आम्ही लंडनच्या रोखेबाजारांतील एका दलालाचें चरित्र देत आहों, याचें कांहीं पालकांस नवल वाटेल. परंतु एका देशानें दुसऱ्या देशाशीं व्यापार कां करावा, आणि त्यांत दोघांचेंही हित कसें होतें, या प्रश्नाचें जें उत्तर आज जगभर कॉलेजांतून शिकविलें जातें, तें मुख्यत्वें या दलालानें दिलेलें आहे. आणि तें त्यानें दिलें त्या काळीं या प्रश्नावर लक्षावधि गोरगरिबांची रोजची भाकर अवलंबून होती.

डेव्हिड रिकार्डो यांचा जन्म १७७२ च्या एप्रिल महिन्यांत लंडन शहरीं झाला. त्यांचें घराणें मूळचें पोर्तुगालकडील यहूदी लोकांचें. त्या देशांत यहूद्यांचा धर्मासाठीं छळ होऊं लागल्यावर हजारों कुटुंबें देशोधडीस लागलीं, त्यांतलेंच हें एक. वडील अब्राहाम हे आम्स्टरडॅमहून लंडनला येऊन रोख्यांची दलाली करीत व यहूदी समाजांत त्यांस मोठा मान होता. घर मुलाबाळांनीं भरलेलें होतें. डेव्हिड अकरा वर्षांचे झाले तेव्हां त्यांस शिक्षणासाठीं दोन वर्षें आम्स्टरडॅमला ठेवण्यांत आलें, आणि चौदाव्या वर्षीं वडिलांनीं त्यांस आपल्या धंद्यांत घेतलें. विद्यापीठाची पायरी ते कधीं चढले नाहींत. आपल्या शिक्षणांतील ही उणीव त्यांस जन्मभर सलत असे. चांगलें लिहितां येत नाहीं, बोलतां येत नाहीं, अशी त्यांची स्वतःविषयीं समजूत होती. ज्या मुलांस निबंध लिहितांना घाम फुटतो, त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

एकविसाव्या वर्षीं, म्हणजे १७९३ सालीं, त्यांनीं प्रिसिला विल्किन्सन नांवाच्या क्वेकर पंथाच्या तरुणीशीं विवाह केला. हा विवाह दोन्ही घरांस अमान्य होता. यहूदी घराण्यांतील मुलानें धर्माबाहेर लग्न करणें म्हणजे मातापित्यांस तो मेल्यासारखाच. वडिलांनीं त्यांस घराबाहेर व धंद्याबाहेर काढलें. पुढें आईच्या मृत्यूनंतर वडिलांशीं समेट झाला, परंतु आईची व त्यांची तुटलेली माया पुन्हां जुळली नाहीं. विवाहानंतर रिकार्डो युनिटेरियन पंथाच्या उपासनेस जाऊं लागले. या पंथाचीं मतें आम्हांस मान्य आहेत असें नाहीं. पण विवेकाप्रमाणें वागण्यासाठीं माणसाला कोणतें मोल द्यावें लागतें, हें ज्यांनीं आपल्या घराण्यांत पाहिलें असेल, त्यांस या तरुणाची अवस्था निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

हातीं थोडेच पैसे होते. परंतु बाजारांत त्यांच्या सचोटीची व हुशारीची ख्याति झालेली होती. कांहीं पेढीवाले स्नेही पाठीशीं उभे राहिले आणि रिकार्डोंनीं स्वतंत्र धंदा थाटला. फ्रान्सशीं युद्ध चालूं होतें, सरकारला वरचेवर कर्ज काढावें लागे, आणि तें कर्ज उभें करून देणाऱ्यांत लवकरच त्यांची गणना होऊं लागली. थोड्याच वर्षांत ते श्रीमंत झाले. वाटर्लूच्या लढाईपूर्वीं १८१५ सालीं निघालेल्या कर्जरोख्यांत त्यांनीं मोठी रक्कम गुंतविली होती व आपले स्नेही माल्थस यांसाठींही त्यांतला एक लहानसा हिस्सा राखून ठेविला होता. लढाईच्या निकालाची वाट पाहण्याचा धीर माल्थसना झाला नाहीं. त्यांनीं आपला हिस्सा अगोदरच विकावयास लाविला. रिकार्डोंनीं आपले रोखे ठेवले. इंग्लंडचा जय झाला, रोख्यांचे भाव चढले, आणि त्यांस अपार लाभ झाला.

अर्थशास्त्राकडे ते वळले ते मात्र योगायोगानें. १७९९ सालीं पत्नीच्या प्रकृतीसाठीं ते बाथ या गांवीं राहिले असतां ॲडम स्मिथ यांचा राष्ट्रांच्या संपत्तीवरील ग्रंथ त्यांच्या हातीं पडला. या वाचनानें त्यांच्या बुद्धीला खाद्य मिळालें. दहा वर्षें वाचन व मनन केल्यावर १८०९ सालीं त्यांनीं सोन्याच्या वाढत्या भावावर एका वर्तमानपत्रांत लेख लिहिला. बँकेनें कागदी नोटा वाजवीपेक्षां जास्त काढल्यामुळें नोटांची किंमत उतरली आहे, हें त्यांचें म्हणणें होतें. त्या वादांतून दोन मोठे स्नेह जुळले. एक हिंदुस्थानचा इतिहास लिहिणारे जेम्स मिल, आणि दुसरे पाद्री माल्थस. माल्थस हे ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी येथील कॉलेजांत अर्थशास्त्राचे अध्यापक होते; हिंदुस्थानांत अधिकारी म्हणून येणारे किती तरी तरुण त्यांच्या हाताखालीं शिकून येत. मिल यांनीं रिकार्डोंच्या पाठीस लागून त्यांजकडून ग्रंथ लिहवून घेतला, आणि माल्थस यांनीं त्यांतील जवळजवळ प्रत्येक मताशीं वाद घातला.

त्यांतला सर्वांत कडाक्याचा वाद धान्याविषयीं होता. नेपोलियनशीं युद्ध चालूं असतां परदेशचा गहूं इंग्लंडांत येणें दुर्घट झालें होतें. देशांत माणसें वाढत होतीं. तेव्हां पूर्वीं कोणी ढुंकून पाहिलें नसतें अशी नापीक जमीनही नांगराखालीं आली. अशा जमिनींत गहूं पिकविण्यास श्रम जास्त लागतात. म्हणून गव्हाचा भाव चढला, आणि भाव चढल्याबरोबर सुपीक जमिनीच्या मालकांनीं खंड वाढविले. १८१५ सालीं शांतता झाली. परदेशचा स्वस्त गहूं आतां येणार या भीतीनें जमीनदारांनीं पार्लमेंटांत कायदा करून घेतला कीं, देशांतील गव्हाचा भाव एका क्वार्टरला ८० शिलिंगांवर जाईपर्यंत बाहेरच्या गव्हाला इंग्लंडच्या बाजारांत विक्रीची बंदी असावी. कायदा होत असतांना लंडनच्या रस्त्यांवर दंगे झाले व पार्लमेंटच्या रक्षणासाठीं लष्कर आणावें लागलें.

माल्थस या निर्बंधाच्या बाजूचे होते. देशाचें अन्न देशांतच पिकावें, हा त्यांचा विचार अगदींच टाकाऊ होता असें आम्ही म्हणणार नाहीं. रिकार्डोंनीं त्याच वर्षीं एक पुस्तिका लिहून दाखविलें कीं, महाग धान्यानें मजुराची मजुरी पोटांतच संपते, कारखानदाराचा नफा घटतो, आणि लाभ होतो तो कांहीं न करणाऱ्या जमीनमालकाचा. येथें एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आदल्याच वर्षीं रिकार्डोंनीं ग्लॉस्टरशायरमध्यें गॅटकम पार्क नांवाची मोठी जमीनदारी विकत घेतली होती. ते जें लिहीत होते, तें त्यांच्या स्वतःच्या खिशाविरुद्ध होतें.

यापुढें मुख्य प्रश्न उभा राहतो. बाहेरून गहूं आणावयाचा, तर त्याच्या मोबदल्यांत काय द्यावयाचें? आणि बाहेरचा देश आपल्यापेक्षां सर्वच गोष्टींत सरस असेल तर? साधा व्यापार समजण्यास कठीण नाहीं. शलमोन राजानें मंदिराच्या बांधकामासाठीं सोरच्या हीराम राजाकडून लबानोनावरील गंधसरूचीं लाकडें आणविलीं व त्याबद्दल गहूं व तेल पाठविलें. एकाकडे अरण्य, दुसऱ्याकडे शेत. दोघांची गरज भागली. परंतु एकाकडेच अरण्यही चांगलें व शेतही चांगलें असेल, तर त्यानें दुसऱ्याच्या दारीं कां जावें? आमच्या वर्गांत हा प्रश्न दरवर्षीं कोणी तरी विचारतोच, आणि तो विचारणारा मुलगा बहुधा वर्गांतील चांगल्यांपैकीं असतो.

१८१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथांत, सातव्या प्रकरणीं, रिकार्डोंनीं याचें उत्तर दिलें. त्यासाठीं त्यांनीं इंग्लंड व आपल्या पूर्वजांचा पोर्तुगाल हे दोन देश, आणि कापड व द्राक्षारस हे दोन जिन्नस घेतले. (उदाहरण मद्याचें आहे याबद्दल पालकांनीं क्षमा करावी, तें बदलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.) समजा, ठराविक कापड तयार करण्यास इंग्लंडांत वर्षभर १०० माणसें लागतात व ठराविक द्राक्षारसास १२० माणसें. पोर्तुगालांत तेंच कापड ९० माणसें करतात व तोच द्राक्षारस ८०. म्हणजे दोन्ही कामांत पोर्तुगाल वरचढ. प्रत्येक देशानें दोन्ही जिन्नस घरींच केले, तर इंग्लंडचीं २२० व पोर्तुगालचीं १७० माणसें खर्ची पडतील. आतां इंग्लंडनें नुसतें कापडच दुप्पट केलें तर त्याला २०० माणसें पुरतात, आणि पोर्तुगालनें द्राक्षारसच दुप्पट केला तर त्याला १६०. अर्ध्याअर्ध्या मालाची अदलाबदल केली कीं, दोघांच्या घरीं पूर्वींइतकेंच कापड व पूर्वींइतकाच द्राक्षारस. मात्र इंग्लंडचीं २० व पोर्तुगालचीं १० माणसें दुसऱ्या कामास मोकळीं झालीं. विद्यार्थ्यांनीं पाटीवर ही बेरीज स्वतः मांडून पाहावी. आम्ही प्रथम वाचली तेव्हां दोनदां मांडून पाहिली होती.

मर्म असें कीं, दुसऱ्यापेक्षां आपण सरस आहों कीं नाहीं हें पाहावयाचें नसून, आपल्याच दोन कामांपैकीं कोणत्यांत आपण अधिक सरस, किंवा कमी मागें आहों, हें पाहावयाचें. त्याच प्रकरणांतील एका टीपेंत त्यांनीं दोन कारागिरांचा दाखला दिला आहे. एक जण दुसऱ्यापेक्षां टोप्या करण्यांत एकपंचमांशानें चांगला, पण जोडे करण्यांत एकतृतीयांशानें चांगला. त्यानें जोडेच करावे व टोप्या दुसऱ्याकडे सोपवाव्या, यांत दोघांचाही फायदा. दुबळ्यालाही बाजारांत जागा आहे, आणि ती सबळानें उपकार म्हणून दिलेली नसून त्याच्याही हिताची आहे, हें या सिद्धांतांत आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. हा विचार टॉरेन्स नांवाच्या दुसऱ्या एका लेखकानें १८१५ सालींच थोडाफार मांडला होता, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु आंकड्यांनीं तो इतका स्पष्ट करून दाखविण्याचें श्रेय रिकार्डोंचें.

पण बेरीज बरोबर आली म्हणजे सर्वच बरोबर झालें असें नव्हे. पोर्तुगालचा द्राक्षारस व इंग्लंडचें कापड यांचा व्यापार केवळ श्रमाच्या हिशेबानें चालला नव्हता. १७०३ च्या मेथ्युएन तहानें पोर्तुगालनें इंग्रजी लोकरी कापडास आपलीं बंदरें खुलीं केलीं, आणि इंग्लंडनें पोर्तुगीज द्राक्षारसावर फ्रेंच मालापेक्षां एकतृतीयांश कमी जकात ठेवली. जकाती व राजकारण यांचा त्यांत मोठा हात होता. शिवाय रिकार्डोंनीं धरून चाललें होतें कीं, भांडवलवाले आपला देश सोडून परदेशीं पैसा गुंतविण्यास सहसा राजी नसतात. तसें नसतें तर इंग्लंडचें भांडवलच पोर्तुगालांत गेलें असतें, हें त्यांनीं स्वतःच कबूल केलें आहे. आज भांडवल एका दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करतें. आणि कापडाचें काम सुटलेल्या विणकऱ्यानें दुसऱ्या दिवशीं द्राक्षांचा मळा लावावा, हें कागदावर सोपें, घरांत कठीण.

ही अडचण आपल्या लोकांस फार जवळून ठाऊक होती. हिंदुस्थानच्या सुती कापडास इंग्लंडनें १७०० व १७२१ च्या कायद्यांनीं अटकाव केला, पुढेंही त्यावर भारी जकाती ठेवल्या, आणि मग यंत्राचें कापड येथें आणून ओतलें. राज्यकर्ता आणि रयत यांमधील असा व्यवहार रिकार्डोंच्या बेरजेंत बसत नाहीं. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान देतांना नेमकें हेंच दाखविलें कीं, इंग्लंडांतील पंडितांनीं गृहीत धरलेल्या गोष्टी सर्व देशांस व सर्व काळीं लागू पडत नाहींत. आणि हिंदुस्थानानें नुसता कच्चा माल पिकवीत बसावें, ही वांटणी त्यांनीं नाकारली. आमच्या मतें रानड्यांनीं रिकार्डोंचें गणित खोटें पाडलें नाहीं. त्या गणितांतून वगळलेलीं माणसें त्यांनीं मोजलीं.

स्वतः रिकार्डो आपलें मत बदलण्यास लाजत नसत. यंत्रांनीं मजुरांचें नेहमीं कल्याणच होतें, असें ते पूर्वीं म्हणत. १८२१ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत त्यांनीं नवें प्रकरण घालून, यंत्रांमुळें मजुरांचें नुकसानही होऊं शकतें व त्यांची तक्रार अडाणीपणाची नाहीं, असें उघड लिहिलें. त्यांचे शिष्य यानें चकित झाले.

१८१९ सालीं ते पार्लमेंटांत गेले. आयर्लंडांतील पोर्टार्लिंग्टन गांवची जागा त्यांनीं त्या काळच्या रिवाजाप्रमाणें पैसे देऊन मिळविली, आणि तें गांव कधीं पाहिलेंही नाहीं. हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. परंतु अशाच जागा बंद व्हाव्या, मतदान गुप्त असावें आणि धर्ममतासाठीं कोणास शिक्षा होऊं नये, यासाठीं ते सभागृहांत सतत मत देत राहिले. १८२२ सालीं त्यांनीं सुचविलें कीं, परदेशच्या गव्हावर प्रथम २० शिलिंग जकात ठेवून ती दरवर्षीं एक एक शिलिंग कमी करीत १० वर आणावी, म्हणजे शेतकऱ्यास सांवरण्यास अवधि मिळेल. फारच थोड्या सभासदांनीं त्यांस साथ दिली.

१८२३ च्या उन्हाळ्यांत ते गॅटकमला परतले. ऑगस्टच्या अखेरीस त्यांनीं माल्थस यांस पत्र लिहिलें. इतका वाद घालूनही दोघांचीं मतें जुळलीं नव्हतीं, आणि मैत्रींत अंतरही पडलें नव्हतें. थोड्याच दिवसांत कानाचें दुखणें मेंदूपर्यंत पोंचलें आणि ११ सप्टेंबर १८२३ रोजीं एकावन्नाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला. विल्टशायरमधील हार्डनह्यूइश येथें त्यांस पुरण्यांत आलें. कठोर म्हणून प्रसिद्ध असलेल्या मिल यांस त्या वेळीं झालेला शोक पाहून लोकांस आश्चर्य वाटलें. माल्थस १८३४ सालीं वारले, मिल १८३६ सालीं. आयर्लंडांत बटाट्याचें पीक बुडून लोक उपाशी मरूं लागले, तेव्हां १८४६ सालीं पार्लमेंटनें धान्याचे कायदे रद्द केले.