दिनकर गंगाधर केळकर

दिनकर गंगाधर केळकर ऊर्फ काका केळकर (१० जानेवारी, इ.स. १८९६ – १७ एप्रिल, इ.स. १९९०) हे मराठी कवी आणि जुन्या वस्तूंचे संग्राहक होते. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने त्यांनी कविता लिहिल्या. पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय हे त्यांच्या एकट्याच्या छंदातून उभे राहिले. अडकित्ते, दिवे, वज्री, दौती, कुलुपे, फण्या, कुंकवाचे करंडे अशा, घराघरांत वापरल्या जाणाऱ्या आणि मोडल्यावर मोडीत टाकल्या जाणाऱ्या वस्तू त्यांनी भारतभरातून जमवल्या. हा संग्रह आज वीस हजारांहून अधिक वस्तूंचा आहे.

कवी आणि व्यावसायिक

केळकरांच्या घरचा व्यवसाय चष्म्यांचा होता आणि तेही त्यात होते. संग्राहक म्हटला की संस्थानिक किंवा धनाढ्य व्यापारी डोळ्यांसमोर येतो. केळकर या दोहोंपैकी कोणीही नव्हते. पेठेतल्या मध्यमवर्गीय संसाराच्या मिळकतीतून त्यांनी ही खरेदी केली, ही गोष्ट पुढील सर्व हकिकत वाचताना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एखाद्या संस्थानिकाने दिवाणखाना सजवण्यासाठी झुंबर विकत घेणे वेगळे आणि पेठेतील गृहस्थाने कोणा अनोळखी माणसाच्या माळ्यावर पडलेली गंजलेली विळी विकत घेणे वेगळे. हे दुसरे काम लोकांना बराच काळ विक्षिप्तपणाचेच वाटत असणार.

कवी म्हणून त्यांनी घेतलेले ‘अज्ञातवासी’ हे नाव त्या काळाच्या रिवाजाला धरून होते. बालकवी, गोविंदाग्रज, केशवसुत अशी टोपणनावे तेव्हा प्रचलित होती. आज मात्र त्यांची कविता फारशी वाचली जात नाही. त्यांचे नाव टिकून आहे ते संग्रहामुळे.

संग्रहाची सुरुवात

इ.स. १९२०च्या सुमारास केळकरांनी वस्तू जमवण्यास प्रारंभ केला. त्या वेळी पुण्यात इतिहाससंशोधनाचे वातावरण होते. इ.स. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाभोवती दफ्तरे, बखरी आणि मोडी कागद धुंडाळणाऱ्या अभ्यासकांची एक पिढी तयार झाली होती. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून कागदपत्रे मिळवीत होते. या अभ्यासकांची दृष्टी प्रामुख्याने लिखित साधनांवर होती. लढाया, तह, सनदा आणि वंशावळी यांचा मागोवा त्यांतून लागे. परंतु त्या सनदा ज्या घरांत जपल्या गेल्या, त्या घरांतील बायका कशाने अंग घाशीत, काजळ कशात ठेवीत, शेवया कशावर पाडीत, याचा पत्ता दफ्तरांतून लागत नाही. केळकरांनी नेमके हेच क्षेत्र निवडले.

पुढे, इ.स. १९३८ मध्ये, औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात संग्रहालय उघडले. तेथे चित्रकला आणि शिल्पकला यांना मानाचे स्थान आहे. केळकरांच्या संग्रहातही शिल्पे, चित्रे, शस्त्रे आणि हस्तिदंती काम आहे. मगरीचे कातडे आणि माशांचे खवले वापरून केलेले एक चिलखतही आहे. पण ज्याच्यासाठी माणूस पुन्हा तेथे जातो ते वेगळे आहे.

अडकित्ते, वज्री, दिवे

केळकरांच्या संग्रहातील सर्वांत लोकप्रिय दालनांपैकी एक म्हणजे पानसुपारीच्या सरंजामाचे. विडा खाणे हा एकेकाळी आदरातिथ्याचा, लग्नकार्याचा आणि शृंगाराचाही भाग होता. त्यासाठी पानदान, चुनाळे, कातदाणी, पिकदाणी आणि अडकित्ता एवढी सामग्री लागे. अडकित्त्याचे काम अगदी साधे: दोन दांड्या, एक खीळ आणि एक धारेचे पाते, सुपारी कातरली की संपले. परंतु ओतकाम करणाऱ्या कारागिरांनी या दोन दांड्यांचे घोडे केले, मोर केले, पोपट केले, एकमेकांना बिलगलेली युगुले केली. दांड्या मिटल्या की आकृती पूर्ण होते आणि उघडल्या की तिचे दोन भाग होतात. कारागिराने हे लक्षात ठेवूनच आकृती योजलेली असते. एकच अडकित्ता पाहिला तर ती हौस वाटते. शेकडो एकत्र पाहिल्यावर मात्र एका उपयुक्त वस्तूच्या मर्यादेत राहून किती प्रकारे विचार करता येतो, ते कळते. तेच ते जमवण्यामागचे प्रयोजन येथे स्पष्ट होते.

वज्रीची गोष्ट याहून मौजेची आहे. वज्री म्हणजे न्हाताना टाच आणि तळवा घासण्याचे साधन. खालची बाजू खरखरीत, वर धरायला मूठ. न्हाणीघराबाहेर जिचे दर्शनही होत नाही अशा या वस्तूच्या मुठीवर पक्षी, हत्ती आणि मानवी आकृती घडवलेल्या आढळतात. काही वज्रींच्या पोटात बारीक खडे घातलेले असतात, त्यामुळे घासताना त्या खुळखुळतात. ज्या स्त्रीसाठी ती घडवली गेली तिच्याशिवाय हा आवाज दुसऱ्या कोणी ऐकण्याचा प्रश्न नव्हता.

दिव्यांवर केळकरांचे विशेष प्रेम होते. समई, निरांजन, पंचारती, लामणदिवा, हातात पणती घेऊन उभी असलेली दीपलक्ष्मी असे असंख्य प्रकार त्यांनी मिळवले. भारतीय दिव्यांवर त्यांनी इंग्रजीत एक पुस्तकही लिहिले, ते इ.स. १९६१ मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने प्रसिद्ध केले. दिव्यांच्या रचनेत कलेइतकीच युक्तीही असते. साखळीने टांगलेल्या काही भारतीय दिव्यांत तेल एका पोकळ हत्तीच्या किंवा पक्ष्याच्या पोटात भरून ठेवतात. खालच्या ताटलीतील तेलाची पातळी भोकाच्या खाली उतरली की हवा आत शिरते आणि तेवढेच तेल बाहेर येते. पातळी पुन्हा चढली की तेल थांबते. रात्रभर दिवा आपोआप तेवत ठेवण्याची ही सोय कोणा एकाच्या नावावर नोंदलेली नाही.

याखेरीज चावीची जागा लपवलेली कुलुपे, शाईच्या दौती, हुक्के, गंजिफा, सोंगट्या, खेळणी, कळसूत्री बाहुल्या, चित्रकथीची चित्रे, काचेवरील चित्रे, कोरीव चौकटी, वस्त्रे आणि वाद्ये असा हा पसारा वाढत गेला. वाद्यांचा विभाग स्वतंत्रपणे महत्त्वाचा मानला जातो.

मोडीशी स्पर्धा

केळकरांचा काळ संग्राहकाला एका अर्थाने अनुकूल होता आणि त्याला कारण दुर्दैवी होते. घरोघर वीज आली तशा समया देवघरापुरत्या उरल्या. पितळ-तांब्याची जागा आधी ॲल्युमिनियमने आणि नंतर स्टेनलेस स्टीलने घेतली. जुनी भांडी वजनावर मोडीत जाऊ लागली. जरीची लुगडी जाळून त्यांतील सोने-चांदी काढून घेण्याची पद्धत होतीच. संस्थाने विलीन झाली, इनामे गेली, मोठे वाडे राखणे मालकांना परवडेना. १२ जुलै, इ.स. १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठांतील कित्येक जुने वाडे कोसळले.

अशा परिस्थितीत केळकरांची खरी स्पर्धा दुसऱ्या संग्राहकांशी नव्हती. ती भट्टीशी होती. ओतीव दीपलक्ष्मीचे मोल विकणाऱ्याच्या लेखी तिच्यातील पितळेएवढेच असे. गावे, जुने वाडे आणि बाजार पालथे घालत त्यांनी महाराष्ट्राबरोबरच गुजरात, राजस्थान आणि दक्षिण भारतातूनही वस्तू आणल्या. पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या बरोबरीने सहभागी होत्या. घरखर्चातील पैसा सतत अशा खरेदीकडे वळत असताना आणि राहत्या घरातील एकेक खोली वस्तूंनी व्यापली जात असताना त्यांनी दिलेली साथ ही केवळ सौजन्याची बाब मानता येत नाही. इ.स. १९६०च्या सुमारास संग्रहातील वस्तूंची संख्या पंधरा हजारांच्या घरात पोहोचली होती.

या पद्धतीची एक उणी बाजूही नमूद केली पाहिजे. वस्तू घरातून निघाली की तिच्यासंबंधीच्या आठवणी मागे राहतात. ती कोणाच्या माहेरून आली, कोणत्या कासाराने वा ओताऱ्याने घडवली, हे सांगणारे माणूस वस्तूबरोबर येत नाही. अशा वस्तूंच्या बाबतीत प्रदेश आणि शतक यापलीकडे फारसे सांगता येत नाही आणि घडवणाऱ्याचे नाव तर जवळजवळ कधीच मिळत नाही. अज्ञातवासी या नावाने लिहिणाऱ्या कवीचा संग्रह बहुतांशी अज्ञात कारागिरांचाच आहे.

मस्तानी महाल

संग्रहातील सर्वांत मोठी ‘वस्तू’ म्हणजे मस्तानी महाल. पहिल्या बाजीरावाने मस्तानीसाठी इ.स. १७३४ मध्ये कोथरूड येथे हा महाल बांधला होता. इ.स. १७४० मध्ये बाजीराव आणि त्यापाठोपाठ मस्तानी यांचा मृत्यू झाला. पुढे मोडकळीस आलेल्या या महालाचे अवशेष केळकरांनी मिळवले आणि आपल्या संग्रहालयात त्यांची पुन्हा उभारणी केली. शनिवारवाड्याचा बहुतेक लाकडी भाग इ.स. १८२८च्या आगीत नष्ट झालेला असल्याने, त्या काळातील निवासी वास्तूचा अंतर्भाग कसा असे याची कल्पना येण्यासाठी हे दालन उपयोगी पडते. अडकित्ते जमवणाऱ्या माणसाने एक आख्खा महाल उचलून आणावा, याचे नवल वाटते खरे. पण कोथरूडचे आजचे रूप पाहता तो तेथेच राहिला असता तर त्याचे काय झाले असते, याचा तर्क करणे अवघड नाही.

राजा

केळकर दांपत्याचा एकुलता एक मुलगा राजा हा लहान वयातच मरण पावला. केळकरांनी आपला संग्रह त्याच्या स्मृतीस अर्पण केला आणि इ.स. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या संग्रहालयाला त्याचे नाव दिले. ‘राजा केळकर’ या नावामुळे हा कोणा राजेसाहेबांचा खजिना असावा, असा समज बाहेरगावच्या पाहुण्यांचा अनेकदा होतो. प्रत्यक्षात हे नाव एका मुलाचे आहे. राजाच्या मृत्यूनंतर केळकरांचे संग्रहाचे काम थांबले नाही, उलट वाढतच गेले.

इ.स. १९७५ मध्ये केळकरांनी आपला संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सुपूर्द केला. तोवर या वस्तूंना देश-परदेशांतील बाजारांत मोठी किंमत येऊ लागली होती आणि ज्या भंगारातून त्या वेचल्या त्याच जातीच्या वस्तू आता श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत दिसू लागल्या होत्या. संग्रह विकून टाकणे किंवा विभागून देणे केळकरांना शक्य होते. त्यांनी तो एकत्र ठेवला. पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली.

अखेरचा काळ आणि संग्रहाची सद्यस्थिती

संग्रह शासनाकडे सोपवल्यानंतरही केळकरांचा संग्रहालयाशी असलेला संबंध कायम राहिला. १७ एप्रिल, इ.स. १९९० रोजी वयाच्या ९४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शुक्रवार पेठेतील तीन मजली इमारतीत जागेच्या मर्यादेमुळे वीस हजारांहून अधिक वस्तूंपैकी सुमारे अडीच हजार वस्तूच एका वेळी प्रदर्शनात मांडता येतात. उरलेल्या साठवणीत आहेत.