स्विस आर्मी चाकूमागचा माणूस: कार्ल एल्सनर

खिशात ठेवायला घडीचा चाकू शोधताय? मग कार्ल एल्सनर माहीत असायला हवा. जन्म १८६० चा. १८८४ मध्ये त्याने स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावात चाकूंचा कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला सैनिकी चाकू पुरवले. त्यात पातं, कॅन ओपनर, आरी आणि स्क्रू ड्रायव्हर. स्क्रू ड्रायव्हर कशाला, तर रायफल खोलायला! पण जर्मनीतल्या झोलिंगनचा माल स्वस्त पडायचा. सोबतच्या कारागिरांनी अंग काढून घेतलं, हा मात्र टिकून राहिला आणि कर्जात बुडाला. नातेवाइकांनी सावरलं म्हणून वाचला.

१८९७ मध्ये त्याने ऑफिसर चाकूची नोंदणी केली. हा हलका, वर छोटं दुसरं पातं आणि कॉर्कस्क्रू. मला यातली स्प्रिंग फार आवडते: एकच स्प्रिंग दोन्ही बाजूंची हत्यारं धरते, त्यामुळे जाडी न वाढता जास्त हत्यारं बसतात. सैन्याने तो वाटला नाही, अधिकारी स्वतःच्या पैशाने घ्यायचे.

१९०९ मध्ये आई व्हिक्टोरिया वारली, तिचंच नाव त्याने मालाला दिलं. तो स्वतः १९१८ मध्ये गेला. स्टेनलेस स्टील आल्यावर १९२१ मध्ये त्या नावाला इनॉक्स जोडलं आणि व्हिक्टोरिनॉक्स झालं.

रोजच्या वापराला मी ऑफिसरवालाच घेईन. विमानाने जाताना तेवढा चेक-इन बॅगेत टाका.