ताऱ्यांबाबत चुकलेल्या डॉप्लरचं सूत्र आज लिव्हरचा कॅन्सर शिरेत शिरलाय का, ते सांगतं

मौद्यात नागपूर-भंडारा हायवेच्या कडेला कधी थांबला असाल, तर एक गोष्ट जाणवली असेल. हॉर्न दाबून धरलेला ट्रक जवळ येताना आवाज बारीक असतो आणि समोरून पुढे गेला की तोच आवाज एकदम जाड होतो.

असं का होतं, याचं गणित मांडणाऱ्या माणसाचं नाव सोनोग्राफी सेंटरच्या पाटीवर असतं. कलर डॉप्लरमधला डॉप्लर, तोच हा.

ख्रिस्तियन डॉप्लरचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ चा, साल्झबर्गचा. घराणं पाथरवटांचं. पण पोराची तब्येत नाजूक, छिन्नी-हातोडा झेपणारा नव्हता, म्हणून त्याला शिकवलं. शिकूनही धड नोकरी मिळेना. काही काळ त्याने सूतगिरणीत हिशेब लिहिले. १८३५ मध्ये तर सामान विकायला काढून अमेरिकेला जायची तयारी केली. तेवढ्यात प्रागच्या शाळेत नोकरी लागली आणि तो थांबला.

२५ मे १८४२ ला प्रागमध्ये मोजक्या लोकांसमोर त्याने निबंध वाचला. लाटा सोडणारी वस्तू जवळ येत असेल तर लाटा दाटतात, लांब जात असेल तर विरळ होतात, हे त्याचं सूत्र. जोडताऱ्यांचे रंगही यामुळेच वेगळे दिसतात, असं त्याने मांडलं.

सूत्र बरोबर होतं, ताऱ्यांचं उदाहरण चुकलं. ताऱ्याचा रंग मुख्यतः तापमानावर ठरतो. १८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये बाईस बॅलट यांनी रेल्वेवर वाजंत्री बसवून प्रयोग केला. आवाजाबाबत डॉप्लर खरा ठरला, ताऱ्यांवरून टीका होतच राहिली. १७ मार्च १८५३ ला फुफ्फुसाच्या आजाराने तो व्हेनिसमध्ये गेला. वय फक्त ४९.

पुढे १९५० च्या दशकात जपानच्या शिगेओ सातोमुरा यांनी हेच सूत्र अल्ट्रासाउंडला जोडून हृदयाची हालचाल टिपली. मग रक्ताचा प्रवाहही दिसू लागला.

आता लिव्हरकडे येऊ. लिव्हरचा कॅन्सर कधीकधी पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेत घुसतो. साध्या सोनोग्राफीत शीर बुजलेली दिसते. पण आत रक्ताची साधी गाठ आहे की कॅन्सर?

साध्या गाठीच्या आत रक्त वाहत नाही. कॅन्सरला मात्र स्वतःच्या बारीक धमन्या असतात. त्यातला नाडीसारखा प्रवाह डॉप्लरवर दिसला, तर संशय पक्का होत जातो. दिसला नाही म्हणून कॅन्सर नाही, असंही नसतं. त्यासाठी कॉन्ट्रास्ट देऊन सीटी किंवा एमआरआय करतात.

या एका उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. कॅन्सर शिरेत शिरला असेल तर आजार पुढच्या टप्प्यात धरला जातो आणि लिव्हर बदलण्याचा मार्ग बहुतेक वेळा बंद होतो.

आणि स्क्रीनवरचे लाल-निळे रंग? ते चांगल्या-वाईट रक्ताचे नसतात. साधारणपणे प्रोबकडे येणारं रक्त लाल आणि लांब जाणारं निळं दाखवतात. जवळ येणं आणि लांब जाणं, १८४२ च्या निबंधातलंच.