प्लिमसोल यांची रेषा

मुंबई बंदरात नांगरलेल्या मालवाहू जहाजाच्या बाजूवर आडव्या रेषेने छेदलेले एक वर्तुळ दिसते. भरलेले जहाज पाण्यात किती खोल जाऊ द्यावे, याची ती खूण. ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते सॅम्युअल प्लिमसोल खलाशी नव्हते, कोळशाचे व्यापारी होते. १८२४ मध्ये ब्रिस्टल येथे जन्मलेल्या प्लिमसोल यांचे लंडनमध्ये दिवाळे निघाले आणि काही काळ त्यांना गोरगरिबांच्या वस्तीत काढावा लागला.

१८६८ मध्ये ते डर्बीतून संसदेवर निवडून गेले. त्या काळी काही मालक जुनाट जहाजांचा वारेमाप विमा उतरवून, ती काठोकाठ भरून समुद्रात लोटत. जहाज बुडाले तरी मालकाला तोशीस नसे. करारावर सही केल्यानंतर जाण्यास नकार देणारा खलाशी मात्र तुरुंगात जाई. १८७३ मध्ये पुस्तक लिहून प्लिमसोल यांनी हे चव्हाट्यावर आणले आणि बदनामीचे खटले ओढवून घेतले. १८७५ मध्ये डिझरायली सरकारने जहाजांविषयीचे विधेयक बाजूस सारताच भर सभागृहात त्यांचा तोल सुटला. माफी मागावी लागली खरी, पण लोकमत त्यांच्या मागे उभे राहिले. १८७६ च्या कायद्याने रेषा सक्तीची झाली. मात्र ती कोठे आखायची, हे मालकानेच ठरवायचे! ही पळवाट १८९० मध्ये बुजवली गेली. १८९८ मध्ये फोकस्टन येथे प्लिमसोल यांचे निधन झाले.