विल्यम मॉरिस आणि त्याचं लाल घर

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. स्मरणिकेत घराविषयीच काही लिहावं असं मनात होतं, आणि घर म्हटलं की मला विल्यम मॉरिस आठवतो. पानाफुलांची, पक्ष्यांची त्याची दाट नक्षी पडद्यांवर आणि भिंतीच्या कागदावर आजही छापली जाते. पण त्याची खरी गोष्ट एका घराची आहे.

मॉरिसचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी लंडनजवळच्या वॉल्थमस्टो इथे झाला. वडिलांचा हुंड्या वटवण्याचा व्यवसाय होता. एका तांब्याच्या खाणीचे शेअर्स त्यांच्याकडे होते आणि त्यांनीच घर सधन केलं. मॉरिस ऑक्सफर्डला गेला तो धर्मगुरू होण्यासाठी. तिथे एडवर्ड बर्न-जोन्स हा जिवलग मित्र भेटला आणि दोघंही कलेकडे वळले. १८५६ मध्ये मॉरिस एका आर्किटेक्टच्या ऑफिसात उमेदवारीला लागला. ते काम त्यानं लवकरच सोडलं, पण तिथला सहकारी फिलिप वेब जन्मभराचा मित्र झाला.

१८५९ मध्ये मॉरिसनं जेन बर्डनशी लग्न केलं. ती तबेल्यात काम करणाऱ्या माणसाची मुलगी. संसारासाठी घर हवं होतं, ते काम त्यानं वेबवर सोपवलं. वेबनं स्वतंत्रपणे बांधलेलं हे पहिलंच घर. लंडनपासून सुमारे दहा मैलांवर, बेक्सलीहीथ इथल्या फळबागेत जागा घेतली आणि जमतील तेवढी झाडं राखून घर उभं केलं. १८६० मध्ये जोडपं तिथे राहायला गेलं.

त्या काळी विटांवर गिलावा चढवून घर दगडी असल्याचा आव आणण्याची पद्धत होती. वेबनं लाल विटा उघड्याच ठेवल्या, म्हणून नाव पडलं रेड हाउस. इंग्रजी एल अक्षरासारखा आराखडा, उभ्या उताराची कौलं, आत ओक लाकडाचा जिना, अंगणात विहीर आणि तिच्यावर शंकूसारखं निमुळतं छप्पर. खिडक्या बाहेरून एकसारख्या दिसाव्यात असा हट्ट नाही. आतल्या गरजेप्रमाणे कुठे उंच, कुठे गोल. साहित्य लपवायचं नाही, कारागिराचा हात दिसू द्यायचा, हीच पुढे आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीची ओळख झाली. घरात उणीवही होती. मुख्य खोल्या उत्तरेला, त्यामुळे इंग्लंडच्या हिवाळ्यात चांगल्याच गार पडत.

बाजारातलं फर्निचर पसंत पडेना, तेव्हा मित्रमंडळींनीच कंबर कसली. बर्न-जोन्सनं दिवाणखान्याच्या भिंती रंगवल्या, वेबनं टेबलं आणि मेणबत्तीच्या घोड्या आखल्या, जेननं भरतकाम केलं. या उद्योगातूनच १८६१ मध्ये त्यांची सजावटीची कंपनी निघाली. बागेतल्या गुलाबाच्या जाळीवरून मॉरिसनं भिंतीच्या कागदाची नक्षी काढली, तिच्यातले पक्षी वेबनं काढले. जेनी आणि मे या दोन्ही मुली याच घरात जन्मल्या.

बर्न-जोन्स कुटुंबासाठी घराला जोडून नवी बाजू बांधायची, दोन्ही संसार शेजारी नांदवायचे असं ठरलं होतं. आपल्या भाषेत, दोन सभासदांची सोसायटीच! पण १८६४ मध्ये बर्न-जोन्सच्या घरात आजारपण शिरलं आणि त्याचं नवजात बाळ गेलं. मॉरिसही तापानं अंथरुणाला खिळला. खाणीच्या शेअर्सचं उत्पन्न घटत होतं, कंपनी लंडनला, रोजची ये-जा. बँकेत हयात गेलेल्या माणसाला हे गणित लगेच कळतं. १८६५ मध्ये त्यानं घर सोडलं आणि पुढे विकलं. जेमतेम पाच वर्षांचा सहवास. नंतर त्यानं त्या घरात पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

योगायोग असा, की त्याच १८६५ साली बर्न-जोन्सची मेहुणी ॲलिस आपल्या नवऱ्याबरोबर मुंबईला आली. हा नवरा म्हणजे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणारा जॉन लॉकवुड किपलिंग. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं त्याचीच. लेखक रुडयार्ड किपलिंग हा त्यांचा मुलगा, जन्म मुंबईचा.

घर गेलं तरी मॉरिसचा वास्तूंचा ध्यास सुटला नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुनी चर्चेस खरवडून नवी केली जात होती. त्याविरुद्ध त्यानं १८७७ मध्ये वेब आणि इतर मित्रांसह जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. ती आजही चालू आहे. तिचं सांगणं साधं होतं: रोजची निगा राखा. छप्पर गळू लागलं की वेळीच दुरुस्त करा, भिंत कलली तर टेकू द्या, म्हणजे पुढे मोठी तोडफोड करावी लागणार नाही. पुढे तो समाजवादी झाला. चांगलं घर फक्त श्रीमंतांच्या वाट्याला का, हे तो सभांमधून विचारत फिरला. ३ ऑक्टोबर १८९६ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी तो गेला.

रेड हाउस मात्र टिकलं. मालक बदलत गेले. १९५२ मध्ये टेड हॉलंबी हा आर्किटेक्ट तिथे राहायला आला आणि त्यानं ते अनेक वर्षं जपलं. २००३ पासून ते नॅशनल ट्रस्टकडे असून पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू आहे. २०१३ मध्ये तर झोपायच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटामागे मित्रमंडळींनी रंगवलेलं जुनं भित्तिचित्र सापडलं. मालकाला पाच वर्षंच लाभलेलं घर दीडशे वर्षांनंतरही उभं आहे, ते नंतर राहायला आलेल्यांमुळे.

आपल्या इमारतीला कोणी वारसा वास्तू म्हणणार नाही. पण गच्चीची गळती पावसाळ्याआधी बघणं, पाइपांच्या कडेला उगवलेलं पिंपळाचं रोप वेळीच उपटणं, दुरुस्ती निधीचा विषय सभेत निघाल्यावर घड्याळाकडे न बघणं, एवढं आपल्या हातात आहे. यातले काही फ्लॅट पुढे विकले जातील, नवी कुटुंबं येतील. त्यांच्या हाती घर धडधाकट जावं आणि सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका याच इमारतीत निघावी, ही शुभेच्छा!